पिकअपमधल्या रेडिओची जागा

एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती हातावेगळी होईपर्यंत मला चैन पडत नाही. ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात, मिशिगनमध्ये असताना, माझ्या डोक्यात सीबी रेडिओ शिरला होता.

त्याला कारण होतं. बाबा पहिल्यांदाच अमेरिकेत आले होते, हृदयाचं दुखणं घेऊन. आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, म्हणून मी त्यांना रोज सकाळी नोव्हाय नावाच्या जवळच्या गावी एका मित्राकडे सोडत असे. त्याचेही आईवडील आलेले होते. एका सकाळी माझा छोटा पिकअप बर्फात रस्त्याच्या कडेला बंद पडला. जवळपास ना फोन, ना घर. कोणीतरी थांबेपर्यंत पाऊण तास गेला आणि बाबांचे ओठ निळे पडले. ते आपले "बरा आहे रे मी" म्हणत राहिले. मी मात्र पार हादरलो. त्याच आठवड्यात रेडिओ घेऊन आलो. बटण दाबून बोललं की आसपासच्या ट्रकवाल्यांना ऐकू जातं, मदत मिळते.

पण लावायचा कुठे? केबिन एवढीशी. डॅशबोर्डवर ठेवला तर समोरचा रस्ता झाकला जाई. मधोमध धरला तर गिअर टाकताना हात आपटे. स्टिअरिंगखाली माझाच उजवा गुडघा लागे. शनिवारी सकाळपासून मी मोजायचा टेप घेऊन गाडीच्या आत-बाहेर करत होतो. चहा दोनदा गार झाला.

"किती वेळ मेजर करणार आहेस यार?" बायको गॅरेजच्या दारातून म्हणाली. "कुठेतरी फिट कर आणि जेवायला ये."

'कुठेतरी' ऐकूनच माझं डोकं फिरलं. शेवटी शेजारच्या सीटसमोर, डॅशबोर्डखाली जागा सापडली. माझा हात पोचत होता, कशाला काही अडत नव्हतं. मी ड्रिल उचललं तेव्हा बाबा जवळ येऊन उभे राहिले. त्यांचं सगळं आयुष्य भाड्याच्या खोल्यांत गेलेलं. मालक भिंतीला खिळा मारू देत नसत. आमचं कॅलेंडरसुद्धा खिडकीच्या गजाला टांगलेलं असायचं.

"चांगल्या गाडीला भोक पाडणार?"

"दोनच, बाबा."

त्यांनी तोंड फिरवलं. रेडिओ बसला आणि माझा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर रोज सकाळी बाबा दाराकडे तोंड करून तिरके बसत. बर्फ बघतायत, असं मला वाटे. तीनेक आठवड्यांनी एका रविवारी ते लुंगी वर घेऊन पायाला तेल चोळत बसले होते. डाव्या गुडघ्यावर वाटीएवढा काळानिळा डाग.

"हे काय?"

"काही नाही रे. खड्डा आला की तो रेडिओ जरा लागतो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू परत भोकं पाडत बसला असतास."

मला आधी त्यांचा राग आला, मग स्वतःचा. ज्यांच्या काळजीने हा सगळा खटाटोप केला, त्यांनाच मी मापात धरलं नव्हतं. सकाळभर इंच न् इंच मोजला तेव्हा ती सीट रिकामी होती. माझा गुडघा लागतो म्हणून मात्र एक जागा लगेच बाद केली होती. फार लाज वाटली.

तसाच गॅरेजमध्ये गेलो. टेप घेतलाच नाही. रेडिओ काढला, आणखी दोन भोकं पाडली आणि तो स्टिअरिंगखाली लावला. बाबा दारात उभे राहून बघत होते.

सोमवारी ते पाय पसरून सरळ बसले. कोपऱ्यावरच्या पहिल्याच खड्ड्यात माझा गुडघा रेडिओवर आपटला. डोळ्यांत पाणी आलं.

"लागलं का रे?" बाबांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.