कासवांच्या पुलाचा वेग

दर्शनाचा राग ओल्या लाकडासारखा. पटकन भडकायचा नाही, धुमसत राहायचा, आणि धुमसला की घरभर डोळ्यांत जायचा.

घाटकोपरच्या एका लॅबमध्ये ती रक्त काढते. दंडाला पट्टा आवळून, बोटाच्या टोकानं शीर चाचपून सुई अशी लावते की रडणारं पोरही रडायचं विसरतं. याच हातावर तिनं घर चालवलं, धाकट्या भावाला शिकवलं. म्हणून त्या रविवारी सम्यक हसत हसत म्हणाला, "ताई, तुझा हात गेला आता," तेव्हा ते तिच्या वर्मी लागलं.

झालं होतं असं. मालाडच्या कंपनीत कॉम्प्युटरवर बसणाऱ्या सम्यकनं साबणाच्या वडीएवढी एक डबी आणून टीव्हीला जोडली. जुन्या व्हिडिओ गेमच्या सगळ्या कॅसेटी तिच्या पोटात. दर्शना हरखली. लहानपणी चाळीत कासवांचा पूल ओलांडणारी ती एकटीच. नदीत कासवं बुडायची, वर यायची. त्यांच्या पाठींवरून उड्या मारत पलीकडे जायचं. मोठी पोरंसुद्धा रिमोट तिच्या हाती द्यायची, "दर्शू, एवढं पार करून दे गं." सम्यक तेव्हा पाळण्यात होता.

आता मात्र तिचा गडी तिसऱ्याच कासवाशी बुडाला. पुन्हा बुडाला. पुन्हा.

"गेम फास्ट आहे," ती म्हणाली.

"गेम तोच आहे गं. कॉलेजपासून कॉम्प्युटरवर हाच खेळतोय मी. वय झालं तुझं, मान्य कर ना!"

"जाऊ दे दर्शू," आई चंपाबाई म्हणाल्या, "खेळच तो."

"खेळाचं सोड आई. माझ्या हाताला बोलला तो."

ती उठली नाही. डबीची एकेक सेटिंग उघडत बसली. एका ठिकाणी टीव्हीचा वेग देशाप्रमाणे दिलेला होता. अमेरिकेतल्या टीव्हीवर सेकंदाला साठ चित्रं, आपल्याकडच्या जुन्या टीव्हीवर पन्नासच; म्हणून इथं गेमही हळू चालायचा. डबी अमेरिकेच्या वेगावर चालत होती. तिनं आपल्याकडचा वेग लावला. संगीत सैलावलं आणि तिच्या अंगावर काटा आला. हीच ती चाल! पहिल्याच फटक्यात पूल पार झाला.

"झकास!" सम्यक म्हणाला. "स्लो करून घेतलंस होय? चालेल, तुझ्यासाठी चालेल."

"माझ्यासाठी? बस इथं. खेळ."

तो बसला. त्याची प्रत्येक उडी आधीच पडे. कासव वर यायच्या आत गडी पाण्यात. चंपाबाई हसल्या. दर्शना हसली नाही.

"आपल्या घरात हाच वेग होता."

"असेल यार."

"असेल नाही. होता म्हण."

"ताई, एवढं काय त्यात?"

"उद्या सकाळी माणसं याच हातापुढे दंड उघडा करणार आहेत. हात गेला म्हणालास. ज्या तोंडानं बोललास, त्याच तोंडानं परत घे."

सम्यकनं मान खाली घातली. "होता. आणि तुझा हात आहे तसाच आहे."

दर्शनाची कानशिलं अजून तापलेलीच होती. तिनं त्याच्या हातून रिमोट ओढून घेतला आणि पुढचा डाव लावला.

"अगं हळू, बटण मोडशील," चंपाबाई म्हणाल्या.

"मोडू दे."