वरच्या काकांचं ऊन

थंडीत दिल्लीतले सगळेच उन्हाला बसतात, पण उन्हाशी संसार करणारा माणूस मी एकच पाहिला: आमचे वरच्या मजल्यावरचे काका. सरकारी मोजणी खात्यात त्यांची उमेदीची वर्षं राजस्थानच्या उघड्या माळांवर गेली, तीही डोक्याला टोपी न लावता. पुढे बदली होऊन ते फायलींत बसले आणि मयूर विहारच्या आमच्या नव्या सोसायटीत राहायला आले. सुट्टीच्या दिवशी ऊन सरकेल तशी त्यांची खुर्ची गच्चीभर सरके. चारच्या सुमाराला ते शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरीखालून वाकून पार जिन्यापाशी पोचलेले असत. दिल्लीत वाढलेल्या आम्हा पोरांना कोवळं, तिरपं, कलतं ही उन्हं त्यांनीच शिकवली. एकदा मी म्हटलं, "काका, आज धूप मस्त आहे." ते उखडलेच. "धूप देवापुढे जाळतात! हे ऊन." काळं पडायच्या भीतीने काकू तोंडावर ओढणी घेत, तर काका त्यांना ऐकवत, "हाडांना व्हिटॅमिन डी काय ओढणीतून गाळून देणार आहेस?"

मग मुलाला बड्या कंपनीत नोकरी लागली आणि त्याने दोघांना गुडगावच्या अकराव्या मजल्यावर नेलं. तिथे भिंतभर काच होती. काका फोनवर कुरकुरत, "उजेड येतो गं, पण काचेतून डी येत नाही!" म्हणून ते खाली हिरवळीवर जाऊन बसत आणि गार्ड रोज त्यांना उठवी, "अंकलजी, घास पे नहीं."

त्याच सुमाराला त्यांच्या नाकावर बारीकसा फोड आला. खपली धरायची, निघायची, रक्त यायचं. महिनोन् महिने भरेना. काका म्हणत, "उन्हाने सुकेल." शेवटी काकूंनी मला फोन केला, "तुझं ऐकतात, तूच ने." मी नेलं. तुकडा तपासायला गेला आणि त्वचेचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाल्या, "काढून टाकू, बरे व्हाल. पण यापुढे उन्हापासून जपायचं."

"आणि माझं डी?"

"पुडी देते. आठवड्यातून एकदा, दुधातून." मग सावकाश म्हणाल्या, "हे तुमच्या तरुणपणीच्या उन्हाचं आहे, काका."

परतताना गाडीत ते एकदम म्हणाले, "त्या दुपारी फार छान होत्या गं."

जखम भरली. डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं. काकांनी उन्हाचं नावच टाकलं. अर्धवट काही करणं त्यांना कधी जमलंच नाही. पुढच्या जानेवारीत मी भेटायला गेले, तर भर दुपारी पडदे ओढून, पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून बसलेले. मी नमस्काराला वाकले तशी त्यांनी माझा हात धरला. बस स्टॉपपासून उन्हातून चालत आल्याने तो गरम झाला होता.

"बाहेर चांगलं पडलंय वाटतं," ते म्हणाले.

काकूंनी चहा आणून ठेवला, तो निवला, तरी त्यांनी माझा हात सोडला नाही. मीही काढून घेतला नाही.