दुर्गंधी हा शब्द खोडताना

मी भूगोल शिकवते. रेवदंड्याहून रिक्षाने अर्ध्या तासावर असलेल्या एका गावात आमची शाळा आहे, आणि त्याच गावच्या कोळीवाड्यात मी लहानाची मोठी झाले. त्यामुळे मी सांगणार आहे तो राग शिक्षिकेचा किती आणि कोळणीच्या मुलीचा किती, हे मला वेगळं करता येत नाही.

नववीच्या वर्गाला मी एकदा म्हटलं, आपल्या गावाविषयी इंटरनेटवर काय लिहिलंय ते बघू. कुणीही लिहावं आणि कुणीही दुरुस्त करावं अशा एका विकीवर आमच्या गावाचं पान होतं. ते मी प्रोजेक्टरने भिंतीवर पाडलं आणि पुढच्या बाकावरच्या मुलीला मोठ्याने वाचायला सांगितलं. लोकसंख्या झाली, देऊळ झालं, मशीद झाली, पोस्ट झालं. मग किनारा आला. 'उत्तरेकडील किनारा कोळीवाड्यातील अस्वच्छता व मासळीची दुर्गंधी यामुळे पर्यटकांनी टाळावा. दक्षिणेकडील किनारा स्वच्छ असून तेथे राहण्याची उत्तम सोय आहे.'

ती मुलगी 'दुर्गंधी'पाशी थांबली. शब्द अवघड नव्हता. तिची आई त्याच किनाऱ्यावर बोंबील सुकत घालते. मागच्या बाकांवर कुणीतरी नाक दाबलं, दोघंतिघं हसली. मी प्रोजेक्टर बंद केला आणि फळ्यावर नकाशा काढायला घेतला. खडू दोनदा मोडला.

शाळा सुटल्यावर स्टाफरूममधल्या संगणकावर बसले, ती दोन वाक्यं खोडली आणि घरी गेले. खातंबितं काही उघडलं नाही. स्वतःच्या गावाविषयीचं खोटं पुसायला नाव कशाला नोंदवायचं, असं माझं म्हणणं होतं.

दुसऱ्या दिवशी वाक्यं परत जागेवर होती. मी पुन्हा खोडली. ती पुन्हा आली. चौथ्या वेळी संपादनच करू देईना. वर एक सूचना आली: या पत्त्यावरून याआधीही खोडसाळपणा झालेला आहे, सबब काही दिवस संपादन बंद. मला काही कळेना. मी शोधत बसले तेव्हा दिसलं, की मी नाव दिलं नव्हतं म्हणून माझ्या प्रत्येक दुरुस्तीपुढे शाळेच्या इंटरनेट जोडणीचा आकडा, म्हणजे आयपी पत्ता, छापला गेला होता, सगळ्या जगाला दिसेल असा. आणि त्याच आकड्यावरून कधीतरी शाळेतल्याच कुणीतरी एका नटाच्या पानावर शिव्या लिहिल्या होत्या. त्या शिव्या आणि माझी दुरुस्ती एकाच रांगेत, एकाच माणसाने केल्यासारख्या.

त्या आकड्याच्या नावाने एका अनोळखी संपादकाने निरोपही ठेवला होता. 'खाते उघडल्यास आपला पत्ता दिसणार नाही. इतरांच्या चुका आपल्या माथी येणार नाहीत. आपल्याशी बोलता येईल, आपल्याला पानांवर लक्ष ठेवता येईल, छायाचित्रे चढवता येतील.' मला तो निरोप वाचून संताप आला. घाण करणारा मोकळा, आणि पुसायला गेलेल्या बाईला हे नियम शिकवणार.

आठवड्याभरात मुख्याध्यापकांनी बोलावलं. त्यांच्यासमोर खुर्चीत एक माणूस बसला होता. दक्षिणेच्या किनाऱ्यावर त्याची सहा कॉटेजेस आहेत. तो माझ्याच वर्गात होता, पहिली ते सातवी. त्याची आई आणि माझी आई शेजारशेजारच्या दोऱ्यांवर बोंबील टांगायच्या. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि जोडी दोरीवर टाकायची, हे काम आम्ही दोघांनीही केलेलं आहे.

मुख्याध्यापकांनी एक कागद पुढे सरकवला. "मॅडम, हा आकडा आपल्या शाळेचा आहे म्हणतात. यावरून गावाच्या पानाची खाडाखोड चाललीय. तुम्हाला काही माहीत आहे?"

"मीच केली," मी म्हटलं. "ते खोटं होतं."

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर, पर्यटनावर गाव चालतं. शाळेच्या नेटवरून असले उद्योग झाले तर वर तक्रार करावी लागेल."

"लिहिलंय कुणी ते?" मी विचारलं.

"मला काय माहीत? कुणीही लिहितं तिथे."

मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ. सज्जन माणसं घाबरली की करतात तेच त्यांनी केलं. स्टाफरूममधल्या संगणकाची जोडणी काढून घेतली, आणि 'यापुढे वैयक्तिक कामासाठी शाळेची साधने वापरणार नाही' असं माझ्याकडून लिहून घेतलं. मी सही केली. कागद पुन्हा न वाचताच केली, आणि समोर बसलेल्या माणसाला ती भीती वाटली असणार, याचा मला आजही राग येतो.

त्या संध्याकाळी मी घरी माझ्या फोनवरून खातं उघडलं. पाच मिनिटं लागली. नाव खरं द्यावंच लागत नाही, हे तेव्हा कळलं. मी एका मासळीचं नाव घेतलं. मग पहिल्यांदाच त्या पानाचा इतिहास नीट उघडून बसले. ती दोन वाक्यं एका टोपणनावाने लिहिली होती. त्या टोपणनावावर बोट ठेवलं, तर त्या खात्याने आजवर जे जे केलं त्याची यादी समोर आली. बहुतेक सगळे फोटो, समुद्राचे, सूर्यास्ताचे, आणि सगळे एकाच गच्चीवरून काढलेले. कडेला त्याच्या कॉटेजेसची लाल कौलं दिसत होती.

म्हणजे लिहिणारा टोपणनावाआड सुरक्षित होता. खोडणारी मी मात्र आकड्यासकट त्याच्या हातात सापडले होते. नोंदणी म्हणजे नुसता सोपस्कार, असं मी इतके दिवस धरून चालले होते. त्याला मात्र ती काय कामाची असते हे आधीच कळलं होतं.

या वेळी मी खोडलं नाही. पानाला चर्चेची जागा असते, तिथे लिहिलं: 'या वाक्यांना आधार काय?' त्याचं उत्तर आलं, 'गावात येऊन वास घ्या.' मी लिहिलं, 'मी गावातच राहते.' मग सुट्टीच्या दिवशी अलिबागला गेले, वाचनालयात जिल्ह्याविषयीचं एक जुनं सरकारी पुस्तक काढून घेतलं आणि त्यातला आमच्या किनाऱ्यावरच्या सुक्या मासळीचा उतारा पानक्रमांकासह उतरवून आणला. आईच्या दोऱ्यांचा फोटो काढला. खातं नवीन म्हणून आधी थोडे दिवस थांबावं लागलं, मग तो चढवता आला.

त्या दोन वाक्यांच्या जागी टाकायचा परिच्छेद लिहिला आणि आधी आईला वाचून दाखवला. ती जवळा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बोंबील दोन दिसांत सुकतो असा कोनी सांगितला तुला? ऊन असंल तं तीन, नसंल तं पाच. पुस्तकवाल्याला इचार कवा दोरी बांधली होती का." मी आकडा गाळला.

"आनि त्यो कोन लिवनारा?" तिने विचारलं. मी सांगितलं. तिचे हात थांबले. त्याच्या आईला ती रोज भेटते. जवळा बाजूला सारून म्हणाली, "तिला नको सांगू."

तो त्यानंतरही दोनदा ती वाक्यं परत घालून गेला. दोन्ही वेळा लक्षसूचीत, म्हणजे मी लक्ष ठेवलेल्या पानांच्या यादीत, मला तासाभरात दिसलं, आणि चर्चेच्या पानावर मी तेच तेच शांतपणे लिहिलं, कारण तिथे आरडाओरडा केला तर माणूस हरतो. शेवटी त्याच अनोळखी संपादकाने निकाल दिला: आधार नाही, जाहिरातवजा मजकूर, काढला. तीन ओळींचा निकाल. माझी सगळी धावपळ बघता त्यात मला कौतुकाचा एक शब्द हवा होता, तो नव्हता. पण माझा परिच्छेद राहिला.

पुढच्या वर्षीच्या नववीला मी ते पान दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं. लिहून दिलेल्या त्या कागदाची भीती अजून गेलेली नाही. मुलांना फक्त सांगितलं, तिथे काही लिहायचं असेल तर आधी स्वतःचं खातं उघडा, आणि शाळेच्या संगणकावरून मुळीच लिहू नका. एकाने विचारलं, का. मी म्हटलं, मी सांगते म्हणून. इतकं वाईट उत्तर मी वर्गात क्वचितच दिलं असेल.

तो परवा जेट्टीवर भेटला. पापलेटचा भाव करत होता, कॉटेजवाल्या पाहुण्यांसाठी. मला बघून हसला आणि म्हणाला, "काय बाई, अजून रागावलेली का तू?"

"हो," मी म्हटलं आणि पुढे गेले.