विसाच्या पुढची मोजणी

सोनोग्राफीच्या खोलीत ती चौदा वर्षं मोजायचं काम करत होती. स्त्रीबीज द्यायला आलेल्या बाईच्या पोटात बीजांच्या किती पिशव्या वाढल्या, ते पडद्यावर पाहून मोठ्यानं सांगायचं. नर्स लिहून घेई. आकड्याला इतकी पक्की, की दवाखान्यात सगळे तिला ‘तराजू’ म्हणत. घरी मात्र धुतलेल्या मोज्यांची जोडी तिला जन्मात जुळली नाही!

पिशव्या पंचविसाच्या वर गेल्या की थांबायचं, बीजं पिकवणारं शेवटचं इंजेक्शन द्यायचं नाही. नाहीतर पोटात पाणी भरतं, दम लागतो, जिवावर बेततं. हा नियम तिनंच भिंतीला चिकटवला होता.

त्या सकाळी टेबलावर बीज द्यायला आलेली एक पोरगी होती, शिवणकाम करून पोट भरणारी. तराजूनं पुन्हा पहिल्यापासून मोजलं. अठ्ठावीस! ही बीजं कुणाला जाणार हे तिला कळायला नको होतं, पण कळलं होतं. बाहेरच्या बाकावर तराजूचीच धाकटी बहीण बसली होती, मुलासाठी तीनदा उपचार करून पदरी निराशा आलेली. पोरीचे आणि बहिणीचे डॉक्टरही एकच.

ते दारातूनच म्हणाले, “वीस-बावीस असतील ना?”

कुंपणच शेत खायला लागलं तर राखण कुणी करायची? पण तिची जीभही वळली.

“बावीस.”

नर्सनं लिहिलं. चौदा वर्षांतलं पहिलं खोटं.

“ताई,” पोरगी म्हणाली, “कालपासून चपलेचा पट्टा लावायला वाकता येत नाही. ठीक आहे ना सगळं?”

तराजूनं पुन्हा पडद्याकडे पाहिलं. इंजेक्शन, मग फुगलेलं पोट, मग श्वासासाठी धडपडणारी ही पोर, सगळं तिला दिसायला लागलं.

“खोडा ते,” ती नर्सला म्हणाली. “अठ्ठावीस आहेत. आज थांबवायचं.”

डॉक्टर आत आले. “पुन्हा मोजा. बाहेर कोण बसलंय, ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे, म्हणूनच चुकले.”

ती बाहेर आली. बहीण ताडकन उठली.

“ताई, किती गं?”

“अठ्ठावीस.”

“अगंबाई! माझी कधी तिनाच्या वर निघाली नाहीत!” बहिणीनं तिला मिठीच मारली. “मग या वेळी नक्की ना?”

मिठी सोडवायचं तिला धाडस होईना, आणि आज सगळं थांबवलंय हे सांगायचं तर तिलाच होतं.