चिंच-राखेनं घासलेली सोनेरी फ्रेम

पाटलीणबाईंनी पदराखालून देवीची तसबीर काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. फ्रेम सोनेरी मोल्डिंगची, म्हणजे नक्षीच्या लाकडी पट्टीची. तीन बाजू सोनेरी, खालची पांढरीफटक.

बाई ब्राह्मणपुरीच्या. शहाद्याला मी फ्रेमचं दुकान घातलं, तेव्हा इंग्रजांचं राज्य. मागे त्यांची नवी सून मान खाली घालून उभी होती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली. पोरीनं सणाची भांडी चिंच-राखेनं लखलखीत केली आणि त्याच हातानं ही पिवळी फ्रेमही पितळेची समजून घासायला घेतली. सासूनं पाहिलं तोवर एक बाजू उरकली होती.

"हिनी सोनं घसी टाकं," बाई म्हणाल्या. "मन्हा मालकनी सुरतथीन आनेल शे. जशी व्हती तशी कर, तवय ही माहेर जाई."

पोरीचा भाऊ तिला न्यायला खापर गावाहून आला होता, दुकानाबाहेर गाडीपाशी थांबलेला. लग्नानंतरची तिची ही पहिली आखाजी. आमच्या खानदेशात आखाजीला लेक माहेरी गेली नाही, तर दोन्ही गावांत तोंडं उघडतात. मला पोरीची दया आली, आणि सासूचा थोडा रागही.

पट्टी पाहताच दुखणं कळलं. या फ्रेमवर सोनं नसतंच. लाकडावर खडू-सरसाचा लेप, त्यावर कथलाचा पातळ वर्ख, आणि वर पिवळ्या चपड्याचं, म्हणजे लाखेचं, वार्निश. वर्खाची चमक पिवळ्यातून दिसते, ती सोनेरी भासते. राखेतल्या खारानं चपडा निघाला. वर्ख शाबूत होता. टच-अप सोपं होतं. अडचण ते बाईंसमोर करण्याची होती. कारण सोनं सोनं म्हणून बाई गेलेल्या नवऱ्याची ती आठवण जपत होत्या.

मी म्हटलं, ठेवून जा, उद्या या. त्या हलेनात. माझ्यावरही भरवसा नसावा.

"तू काम कर, मी आठेच बसस."

इलाज नव्हता. ओल्या कापसानं राख टिपली, पट्टी वाळू दिली. स्पिरिटमध्ये चपडा होताच, त्यात हळदीचा रंग घातला. इथे ब्रश एकदाच ओढायचा. मागे फिरवला तर स्पिरिट खालचा थर उकलतं. मी ब्रश ओढला आणि पांढरं होतं तिथे सोनं उमटलं.

बाई बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "सोनं व्हतंच नही का?"

"नही माय. कथील शे."

"मी इतला वरीस त्याले वला हात लावू दिधा नही." मग त्यांनी विचारलं, "मालकले म्हाईत व्हई का?"

सुरतेचे दुकानदार कथलाला सोनं सांगून माल विकतात, ते मला ठाऊक होतं.

"इकनारानी सांगेल नसई, माय."

त्यांनी मान हलवली. डोळ्यांना पदर लावला आणि सुनेकडे वळल्या.

"जाय. तुन्हा भाऊ कवयना बशेल शे."

पोर आधी सासूच्या पाया पडली, मग बाहेर पळाली. बाई मात्र वार्निश वाळेपर्यंत बसून होत्या.

तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला मी बजावतो, फ्रेम कोरड्या फडक्यानंच पुसा. खालचं काय आहे, ते विचारलं तरच सांगतो.