मामींची बडबड

भोसरीत आमचा सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा गट आहे. पहिली शिफ्ट सुरू व्हायच्या आत, कारखान्यांमधल्या रस्त्यांवरून आम्ही आठ-दहा जण चालून येतो. बहुतेक सगळे निवृत्त. सगळ्यांत पुढे मामा, भोसरीतल्याच जुन्या घरातले, ताठ मानेचे. त्यांना खेटून मामी, म्हणजे त्यांची बायको. मामींच्या तोंडाला म्हणून विश्रांती नाही. केवढा खड्डा पडलाय, टेम्पो आडवा कुणी लावला, कुत्रं बघा कसं मधोमध झोपलंय. मी पडले तापट बाई. शांतता मिळावी म्हणून पहाटे उठायचं आणि हे ऐकायचं? मी मुद्दाम चार पावलं मागे राहायची.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सगळे आठवडाभरासाठी अंदमानातल्या एका लहानशा बेटावर गेलो. तिथेही रोज चालायचंच असं ठरलं होतं. नुसतं लोळायचं तर भोसरी काय वाईट होती? जाताना मामींना बोट अशी लागली, की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना उठवेना. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं.

ओहोटी होती. मामा नेहमीसारखे पुढे. खडकांच्या सपाट पट्ट्यावर ठिकठिकाणी पाणी साचलं होतं. त्यातल्या चांगल्या मोठ्या डबक्यात मामांनी सरळ पाय टाकला आणि ते पडले. गुडघा खरचटला. सगळे हसले, मामाही हसले. मी हात पुढे केला, तर त्यांचा हात माझ्या हाताशेजारी नुसता चाचपडत राहिला. बाकीचे पुढे गेल्यावर मी त्यांना गाठलं आणि सरळ विचारलं, दिसत नाही का तुम्हाला?

आधी त्यांनी उडवून लावलं. मग खडकावर बसले. समोरचं सगळं धुरकट दिसतं, कडेचं तेवढं कळतं, म्हणाले. भोसरीचे रस्ते पायाखालचे, म्हणून निभतं. डॉक्टरकडे गेले नव्हते, कारण मग घरात कळणार.

"पोरानं स्कूटर काढून घेतली," ते म्हणाले. "आता चालणंबी बंद करतील. दिवसभर खुर्चीत बसून काय करू मी? आमच्या हिला सांगू नका."

मी हो म्हटलं नाही. पुढच्या वेळी डबक्याऐवजी ट्रक असला तर? परतल्यावर थेट मामींच्या खोलीत गेले. मामा बाहेर नळावर पाय धूत होते.

"पडले व्हय?" मी तोंड उघडायच्या आत मामींनीच विचारलं.

मी मान हलवली. मग त्या हळू आवाजात बोलत राहिल्या. त्यांना केव्हाच कळलं होतं. म्हणून तर त्या फिरायला यायला लागल्या, नाहीतर त्यांचे गुडघे कुठे एवढे धड होते. हात धरला तर मामा घराबाहेर पडणार नाहीत, म्हणून रस्त्यात जे जे दिसेल ते बोलत राहायचं.

"मला म्हायती हाय, हे त्यांना न्हाई," त्या म्हणाल्या. "लपवत्यात तर लपवू द्या. मानी माणूस हाय."

एवढं प्रेम माझ्या शेजारून रोज चालत होतं आणि मी त्याला कटकट म्हणत होते.

दुसऱ्या दिवसापासून मामी यायला लागल्या, अजून अशक्तच. त्या दमल्या की मी बोलायची. इथे केवढं मूळ वर आलंय, हा नारळ कुणी टाकला वाटेत. आज तुम्हाला काय झालंय, असं सगळे मला चिडवायचे. मामांनी मात्र मला एकदाही चिडवलं नाही. ही बडबड कुणासाठी आहे, ते त्यांना कळत असणार.

शेवटच्या संध्याकाळी सगळे किनाऱ्यावर मोबाईल काढून उभे होते. मामी मामांजवळ होत्या. मामा समोर बघत होते, आणि एकदम, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला काय बी दिसत न्हाई गं. कसा हाय समुद्र, सांग की."

सगळ्यांचे मोबाईल खाली आले. मामींनी पदरानं तोंड पुसलं.

"सांगते. आधी हात द्या," त्या म्हणाल्या, आणि मामांनी आम्हा सगळ्यांदेखत हात पुढे केला.