बर्फावरची अस्वलं आणि माझी पकड

मँचेस्टरला उतरलो तेव्हा माझ्याकडे दोन किलो भडंग, ताईसाठी मेतकूट आणि भाच्याच्या गुडघ्यासाठी निर्गुडीच्या तेलाची बाटली होती. बाटली म्हणायची इतकंच, आतलं तेल माझ्या स्वेटरने विमानातच पिऊन टाकलं होतं. दुसरा स्वेटर सांगलीत, कपाटात सुखरूप. बाहेर डिसेंबरची थंडी अशी, की नाक जागेवर आहे ना हे मी अधूनमधून चाचपून पाहत होतो. तेव्हा तोच स्वेटर घालून ट्राममध्ये बसलो. शेजारच्या आजीबाईंनी दोनदा वास घेतला आणि अगदी आपुलकीने विचारलं, "लव्ह, तुम्ही घोडे पाळता का?" (इथे अनोळखी माणसालाही 'लव्ह' म्हणतात. साठीच्या गृहस्थांनी हुरळून जाऊ नये.)

माझी थोरली बहीण सुनंदाताई लग्न होऊन इकडे आली, तिचा मुलगा निखिल इथेच जन्मला आणि बर्फावरच्या हॉकीचा धंदेवाईक खेळाडू झाला. सांगलीत हे सांगितलं की लोक 'हॉकी' म्हटल्यावर मान डोलावतात आणि 'बर्फ' म्हटल्यावर माझ्याकडे संशयाने बघतात. त्यात तो डिफेन्समन, म्हणजे बचावपटू. मी निवृत्त क्रीडाशिक्षक, आणि तरुणपणी कबड्डीत वीस वर्षं उजवा कोपरा सांभाळलेला. भाचा गोल करणाऱ्यांतला नाही, अडवणाऱ्यांतला आहे, याचा मला भलताच अभिमान होता.

शेवटच्या स्टॉपवर निखिल उभा होता. दाराएवढी उंची, ओठावर टाके आणि तोंडभर हसू. त्या हसण्यातले पुढचे दोन दात खोटे आहेत हे त्याने गाडीत बसल्या बसल्या काढूनच दाखवलं.

"मामा, हा माझी लास्ट सीझन आहे," तो म्हणाला. "गुडघी संपली."

"गुडघा," मी म्हणालो. "आणि तो माझ्या तेलाने बरा झाला असता, पण आता स्वेटरच घासून घे."

तो हसला. मग सिग्नलला गाडी थांबल्यावर हळूच म्हणाला, "एक काम कराल? आईला एकदा मॅचला आणा. बारा सीझन झाले. आई एकच मॅच बघितली, त्यात माझे टीथ गेले. बाबा होते तेव्हा बाबा यायचे. आता घरच्या सीटवर कोणीच नसतो."

मी भडंगाची पुडी फोडून त्याला दिली आणि कामगिरी स्वीकारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याबरोबर सरावाला गेलो. बाहेरून ती इमारत एखाद्या गोदामासारखी दिसते, आत मात्र फुटबॉलच्या अर्ध्या मैदानाहून लहान असं चकचकीत बर्फाचं अंगण, भोवती जाड काच, आणि हवेत ओल्या मोज्यांचा आणि व्हिनेगर शिंपडलेल्या चिप्सचा (आपले बटाट्याचे तळलेले जाड काप) एकत्र वास. माझ्या स्वेटरची तिथे कुणी दखलही घेतली नाही. बूट कडेच्या रबरी पट्टीवरून बर्फावर ठेवला मात्र, मी आडवा! दोन धिप्पाड खेळाडूंनी मला काखेत धरून पोतं उचलावं तसं उचललं आणि बाकावर ठेवलं.

बाकावरून मी भाच्याची नोकरी पाहिली. खेळाडू पाऊण मिनिटासाठी आत उडी मारतो, जीव तोडून पळतो आणि धापा टाकत बाहेर येतो. या पाळीला ते शिफ्ट म्हणतात. बचावपटूने तेवढ्या वेळात उलटं, म्हणजे पाठीकडे सरकत, चाल करणाऱ्याला कडेला ढकलायचं, काचेवर दाबायचं, आणि काहीच जमलं नाही तर पक (रबराची टणक चकती) येत असेल तिथे स्वतः आडवं पडायचं. निखिल सहाव्या वर्षी एका वाढदिवसाच्या पार्टीला इथे आला आणि घरी जायलाच तयार होईना. लहान मुलांना बर्फ पहाटेच मोकळा मिळायचा, म्हणून भाऊजी त्याला अंधारात गाडीत घालून आणत. पुढे दोन हिवाळे स्कॉटलंड, मग पुन्हा गावचा संघ. करार आठ महिन्यांचा, उन्हाळ्यात तो मित्राबरोबर लोकांच्या बागांना कुंपणं बसवतो. एकूण काय, हिवाळा असो की उन्हाळा, हा आपला अडवण्याच्याच धंद्यात.

घरी ताईने गरम थालीपीठ वाढलं. पोट भरल्यावर मी विषय काढला.

"मी नाही येणार, विनायक. त्याला काचेवर आपटतात ते बघवत नाही मला."

"डोळे मिटून बस."

"मग येऊन काय उपयोग?"

"तिकीट तर वाया जाणार नाही!"

कोकणस्थाची सून असली तरी ती एवढ्याने बधली नाही. पण रविवारची मॅच टेडींची होती. नाताळाच्या आधीच्या एका मॅचला इथे प्रत्येकजण कापडी अस्वल घेऊन येतो, आणि आपल्या संघाचा पहिला गोल झाला की सगळे एकदम ती बर्फावर फेकतात. मग ती गोळा करून मुलांच्या हॉस्पिटलला देतात. हे कळल्यावर ताई विरघळली. "मुलांसाठी म्हणून येते हं. बघणार नाही," असं बजावून तिने दोन अस्वलं आणली. माझं निळ्या चड्डीतलं, चांगलं मांजराएवढं.

रविवारी दुपारी चारला आम्ही घरच्या सीटवर. ताईने शाल डोक्यावरून घेतली आणि खरोखरच डोळे मिटले. शेजारी ब्रेंडा नावाच्या बाई, मांडीवर ब्लँकेट आणि थर्मास. त्यांनी मला बोट उगारून समजावलं, "गोल झाल्याशिवाय सोडायचं नाही हं, लव्ह. आधी टाकलं तर पंच आपल्यालाच शिक्षा देतात." मी म्हणालो, बाई, मी स्वतः पंच होतो, मला नियम शिकवू नका.

पहिला भाग गोलाविना गेला. "आत्ता काय झालं?" ताई मिटल्या डोळ्यांनी दर मिनिटाला विचारी, आणि मी तिला चांगलं चांगलं तेवढं सांगे. दुसऱ्या भागात पलीकडचा एक लालबुंद दाढीवाला एकटाच सुटला. आमचा गोलकीपर भुलून पुढे सरकला आणि पडला. जाळं सताड उघडं! दाढीवाल्याने काठी उचलली, आणि कुठून कोण जाणे निखिल आला, त्याने आडवं अंग झोकून दिलं, चकती त्याच्या छातीवर धाडकन आदळली आणि काचेवरून बाहेर उडाली.

आता सांगा, ज्याने वीस वर्षं कोपरा सांभाळला त्याने काय करावं? आमच्यात पकड झाली की गुण! मी उभा राहिलो, "पकऽऽड!" असा आखाडाभर ओरडलो आणि निळ्या चड्डीचं अस्वल काचेवरून भिरकावलं.

मागच्या रांगांतल्या लोकांना उड्या मारणाऱ्या माझ्यामुळे काही दिसलंच नव्हतं. चिप्सच्या रांगेतल्यांना तर नाहीच नाही. त्यांना दिसलं फक्त उडतं अस्वल. मग काय! गुलाबी, पिवळी, टोपीवाली, एक जिराफ, अख्ख्या इमारतीतून अस्वलं सुटली. त्या गदारोळाने ताईने डोळे उघडले, तर तिचा मुलगा बर्फावर पडलेला आणि वर अस्वलांचा ढीग.

"निखिल, ऊठ! ऊठ रे बाळा!" ती काचेवर मुठी आपटू लागली.

ढीग हलला. निखिल गुडघ्यावर उठला, हेल्मेटवर एक अस्वल स्वार, आणि आईला पाहून दोन दात नसलेलं हसू हसला. ताई क्षणभर बघत राहिली. मग तिने शाल फेकली, हात मागे नेला आणि स्वतःचं अस्वलही हाणलं.

"गोल झालेला नाही," लाउडस्पीकर सांगत होता. "पुन्हा सांगतो, गोल झालेला नाही."

पंचांनी आमच्या संघाचा एक खेळाडू दोन मिनिटांसाठी कमी केला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ब्रेंडाबाईंनी मला न विचारता चहा ओतून दिला आणि एवढंच म्हणाल्या, "पंच होतात ना?"

अस्वलं उचलण्यात बराच वेळ गेला. मग मामाचा प्रमाद भाचा निस्तरू लागला. दोन मिनिटं त्याने धक्के खाल्ले, ढकललं, पुन्हा एकदा आडवा पडला. ताई उभीच होती, डोळे टक्क उघडे. गोल झाला नाही, आणि आम्ही दोघांनी एकमेकांचे हात इतके आवळले होते की माझी अंगठी रुतली.

शेवटच्या भागात आमच्या पुढच्या फळीतल्या एका देखण्या पोराने गोल केला. हात पसरून तो अस्वलांची वाट बघत उभा राहिला. टाकायला कुणाकडे काही उरलंच नव्हतं! कुठूनसा एक हातमोजा तेवढा पडला. आम्ही जिंकलो आणि मला हसून हसून उचकी लागली.

निखिल बाहेर आला तेव्हा मी माफी मागायला तोंड उघडलं. तो म्हणाला, "मामा, टेडी नेहमी फॉरवर्डसाठी पडतात. डिफेन्सला कोण टाकतो?"

"सांगलीचे टाकतात," मी म्हणालो.

ताईने त्याच्या शर्टाची कॉलर ओढून छातीवरचा काळानिळा वळ पाहिला. गाडीत माझा स्वेटर मागून घेतला आणि तो वळावर घासत बसली.

पुढच्या शुक्रवारी मी परतलो. प्रवासात माणूस नवीन काही शिकतो म्हणतात. मी तर जुनंच घेऊन गेलो होतो, तेही चुकीच्या वेळी फेकलं, आणि त्याचा मला काडीचाही पश्चात्ताप नाही. रविवारी रात्री जेवणं झाल्यावर (तिकडे तेव्हा दुपारचे चार वाजून गेलेले) पोचल्याची खुशाली सांगायला ताईला फोन लावला. बराच वेळ वाजला. उचलला तेव्हा मागे नुसता कल्लोळ.

"ताई, मी विनायक. नीट पोचलो गं."

"आत्ता नको, विनायक!" ती ओरडली. "निखिल आत आहे!" आणि तिने फोन ठेवून दिला.